वान बेट आणि काँक्रीटची प्रवाळभित्ती

प्रश्न: मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी २ बेटे पाण्याखाली गेली आणि तमिळनाडूतील तुतिकोरिनजवळचे वान बेट वाचवण्यासाठी २०१५ पासून समुद्रात काँक्रीटचे सांगाडे सोडण्यात आले, असे वाचले. साध्या बांधापेक्षा हा उपाय सरस कसा?

प्रतिसाद १: चुन्यासाठी अनेक दशके प्रवाळ खणून नेल्यामुळे बेटापुढची नैसर्गिक भिंत खचली आणि लाटा थेट किनाऱ्यावर येऊ लागल्या, हे मूळ दुखणे आहे. छिद्रे असलेले हे सांगाडे लाटेला पुरते अडवत नाहीत, तिचा जोर मोडतात. त्यामुळे मागच्या संथ पाण्यात वाळू साचू शकते. भरीव बांधावर आपटून परतणारी लाट मात्र पायथ्याचीच वाळू ओढून नेते. शिवाय कठीण पृष्ठभाग मिळाल्याने प्रवाळांचे डिंभ, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म पिल्ले, तेथे चिकटतात आणि मासेही आसऱ्याला येतात.

प्रतिसाद २: सहमत, परंतु २०१६ मध्ये पाणी तापल्याने याच आखातातील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. त्यावर सांगाडा काय करणार?

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मालवणच्या प्रवाळांसाठीही असे करावे का?

प्रतिसाद १: तेथे आधी होड्यांचे नांगर आणि पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांचे पाय आवरावेत, असे माझे मत आहे.