मदत हवी आहे: आईच्या ॲब्लेशनसाठी उष्णतेचा कॅथेटर की थंडाव्याचा?

नमस्कार. मी फोंड्याला राहतो. माझ्या ६३ वर्षांच्या आईला गेल्या दीड वर्षात चार वेळा छातीत अचानक धडधड सुरू झाली. शेवटच्या खेपेस मार्दोळला देवदर्शनाला गेलो असताना तिला दरदरून घाम फुटला. इस्पितळात पोहोचलो तेव्हा नाडी मिनिटाला १९० होती आणि ॲडेनोसिनचे इंजेक्शन दिल्यावर काही क्षणांत ती ताळ्यावर आली.

ईसीजी पाहून डॉक्टरांनी एव्हीएनआरटी हा धडधडीचा आजार असल्याचे सांगितले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युत्संदेश पोहोचवणाऱ्या एव्ही नोडपाशी एक जलद आणि एक मंद अशा दोन वाटा असून संदेश त्यांतच गोल फिरत राहतो. उपाय म्हणून ईपी स्टडी (हृदयातील विद्युत्संदेशांची तपासणी) आणि त्याच वेळी ॲब्लेशन (नको असलेली वाट बंद करण्याचा उपचार) सुचवले आहे. जांघेतल्या शिरेतून काही कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळ्या, हृदयात नेतात, त्यांच्या टोकाकडील इलेक्ट्रोड ठिकठिकाणचे संदेश टिपतात, त्यांतूनच स्पंद देऊन धडधड मुद्दाम सुरू करतात आणि निदान पक्के झाले की रेडिओफ्रीक्वेन्सी कॅथेटरच्या टोकाने मंद वाटेची जागा तापवून ती बंद करतात. हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो, हे ऐकून मला फार धीर आला.

आई मात्र एकाच गोष्टीपाशी अडली आहे. मंद वाट हृदयाच्या नैसर्गिक संदेशवाहिनीला अगदी लागून असल्याने तिलाही इजा होऊन शंभरांत सुमारे एका रुग्णाला कायमचा पेसमेकर लागू शकतो. तिच्या थोरल्या भावाचे पेसमेकरनंतरचे दिवस तिने जवळून पाहिले आहेत, त्यामुळे तिची भीती मला उडवून लावता येत नाही.

क्रायो कॅथेटरबद्दल वाचले, ते असे: टोक उणे ३० अंशांच्या आसपास गार करून आधी परिणाम पाहता येतो, संदेश अडू लागलाच तर गारवा थांबवल्यावर तो भाग बहुधा पूर्ववत होतो, आणि सारे ठीक दिसले तरच आणखी गोठवून वाट कायमची बंद करतात. मात्र यानंतर धडधड परतण्याचे प्रमाण उष्णतेच्या उपचारापेक्षा अधिक आहे. आमच्या डॉक्टरांचा कल रेडिओफ्रीक्वेन्सीकडे आहे. मला स्वतःला वाटते की पुन्हा एकदा ॲब्लेशन करावे लागले तरी चालेल, पण पेसमेकरची वेळ येऊ नये. हा विचार चुकत असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

ज्यांच्या घरी हा उपचार झाला आहे, त्यांनी निवड कशी केली? एव्हीएनआरटीसाठी क्रायोची सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गोव्यात अन्यत्र आहे का, की मुंबई गाठावी लागेल? गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत कॅथेटरचा खर्च धरला जातो का? कॅथेटर नवा असेल की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारणे मला आवश्यक वाटते. आपण विचारले होते का? आई धडधड आटोक्यात ठेवण्यासाठी मेटोप्रोलॉल हे औषध घेते. तपासणीपूर्वी ते किती दिवस बंद ठेवायचे हे डॉक्टरच ठरवतील, पण त्या दिवसांत धडधड उठली तर आपण काय केले, हेही कळवावे. पुढच्या मंगळवारी आम्हाला होकार किंवा नकार द्यायचा आहे.