‘साइडलोडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नमस्कार. ग्राहकांसाठीच्या एका छोट्या पुस्तिकेचं मराठी मी करते आहे. विषय मोबाइलमधल्या मक्तेदारीचा. फोन पैसे मोजून आपण घ्यायचा आणि त्यात कोणतं ॲप राहील, कोणतं निघेल हे तिसऱ्यानेच ठरवायचं, याबद्दल कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगायचं आहे. बाकीचे शब्द कसेबसे जुळवले, ‘साइडलोडिंग’पाशी गाडी अडली.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात हा शब्द येतो: साइडलोडिंगने ॲप लोकांपर्यंत पोचवण्यापासून गूगलने ॲप बनवणाऱ्यांना अडवू नये. म्हणजे प्ले स्टोअरमध्ये न जाता, बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून किंवा दुसऱ्या एखाद्या ॲप-दुकानातून ॲप उतरवून घ्यायचं आणि फोनमध्ये बसवायचं.

माझ्या हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात ‘चोरवाटेने ॲप घेणे’ असं होतं. ते वाचल्या वाचल्या खोडलं. आयोग ज्या गोष्टीच्या बाजूने उभा राहिला तिला चोरी कसं म्हणायचं? मग ‘आडवाटेने’, ‘मागच्या दाराने’, ‘बाहेरून’, ‘परस्पर’ असे शब्द लिहून पाहिले. त्यातल्या त्यात ‘परस्पर’ बरा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १

ताई, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘साइडलोडिंग’ मी कधी ऐकला नाही. लोक म्हणतात, ‘दादा, एवढं ॲप टाकून द्या.’ प्ले स्टोअरवरून घ्यायचं असेल तरी ‘टाकून द्या’ आणि फाइलवरून असेल तरी ‘टाकून द्या’. फारच फोड करायची वेळ आली तर ‘बाहेरून एपीके टाकली’ म्हणतात. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल. बसवणे, स्थापित करणे वगैरे पुस्तकात ठीक.

आणि काढायचं असलं की ‘काढून टाका’. टाकणे दोन्हीकडे आहे, पण गोंधळ होताना मी पाहिलेला नाही. गोंधळ होतो तो ‘काढणे’ आणि ‘बंद करणे’ यांत. नव्या फोनमधली काही ॲप निघतच नाहीत, नुसती बंद होतात. गिऱ्हाईक म्हणतं काढलं, प्रत्यक्षात ते जागा अडवून आतच बसलेलं असतं. पुस्तिकेत हा फरक नक्की लिहा.

प्रतिसाद २

‘परस्पर’वर थोडं सांगते. मी शाळेत मराठी शिकवायचे.

‘तो पुण्याहून परस्पर कोल्हापूरला गेला’ यात कुणाला दोष नाही. मध्ये घरी न येता थेट गेला, इतकंच. पण ‘सोसायटीच्या खात्यातून परस्पर पैसे काढले’ म्हटलं की दोष आला. शब्द तोच, मग फरक कशाने पडला? दुसऱ्या वाक्यात ज्याला विचारायला हवं होतं असा कुणीतरी हक्काचा माणूस आहे आणि त्याला डावललं आहे. ‘परस्पर लग्न ठरवलं’, ‘परस्पर जमीन विकली’, सगळीकडे हेच.

आता तुमच्या वाक्यात पाहा. ‘फोनमध्ये परस्पर ॲप टाकले’. कुणाला न विचारता? फोन माझा, टाकणारी मी. तरीही वाचणाऱ्याला वाटणार की कुणाची तरी परवानगी घ्यायची राहिली. त्या एका शब्दाने प्ले स्टोअरला घरच्या वडीलधाऱ्याच्या जागी बसवलं. म्हणून ‘परस्पर’ नको. ‘थेट’ घ्या. त्याच्या मागे कुणी डावललेला माणूस उभा राहत नाही.

प्रतिसाद ३

बाईंचा मुद्दा मूळ इंग्रजी शब्दालाच लागू आहे. मी गेली कित्येक वर्षं लिनक्स वापरतो, त्याआधी विंडोज होतं. संगणकावर वेबसाइटवरून एखादा प्रोग्रॅम उतरवून बसवला की त्याला ‘इन्स्टॉल करणे’ म्हणतात. त्याला वेगळं नाव द्यावंसं कधी कुणाला वाटलं नाही. फोनवर तीच कृती ‘साइड’ झाली, कारण मधोमध कंपनीचं दुकान आहे हे गृहीत धरलं गेलं. मधल्याला मधला मानला तरच कुणीतरी बाजूचा होतो. एफ-ड्रॉइड हे मुक्त सॉफ्टवेअरचं (ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा ॲपचं) भांडार २०१० पासून चालू आहे. तिथल्या मंडळींचाही या शब्दाला हाच आक्षेप आहे.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अशा ॲपना ‘अननोन’ म्हणतात, मराठीत ‘अज्ञात’. हा शब्द तर मला फारच खटकतो. कुणाला अज्ञात? ते ॲप मी शोधलं, कुणी बनवलं ते वाचलं, त्याचा कोड उघडा आहे तोही चाळला. अज्ञात असलंच तर ते दुकानदाराला आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ज्याची ओळख त्यांच्याकडे पडताळलेली आहे अशाच विकासकाचं ॲप टाकता येईल, मग ते कुठूनही आणलेलं असो. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतर देशांत त्यानंतर. ओरड झाल्यावर, जाणत्या लोकांसाठी वेगळी सोय ठेवू असंही सांगितलं. अशा बातमीत ‘अज्ञात ॲपना आळा’ असा मथळा दिला की वाचणारा मान डोलावतो. ‘स्वतःच्या फोनमध्ये ॲप टाकायला कंपनीची मान्यता’ असा दिला की तोच वाचणारा थांबतो. तुमची पुस्तिका या दोहोंपैकी कोणत्या भाषेत बोलणार हे या शब्दावर ठरेल, म्हणून इतकं लिहिलं.

प्रतिसाद १ यांचं पुन्हा

सरांचं पटतं, पण दुकानातली बाजूही ऐका. आरटीओचं चलन म्हणून एपीके येते, बँकेचं केवायसी म्हणून येते, लग्नाची पत्रिका म्हणूनसुद्धा येते. माणूस पत्रिका समजून बोट लावतो आणि मेसेज वाचायची परवानगी देऊन बसतो. मग ओटीपी जातो आणि खातं रिकामं होतं. असे लोक रडत दुकानात आलेले आहेत. ‘थेट टाका, तुमचा हक्क आहे’ एवढंच छापून हातात दिलंत तर अशांचं नुकसान होईल.

प्रतिसाद ४

विषय थोडा सरकवतो, क्षमस्व, पण पुस्तिकेच्या नावातच ‘अँटिट्रस्ट’ असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं. यंत्राने केलेल्या भाषांतरांत याचं ‘विश्वासविरोधी’ झालेलं मी वाचलं आहे. एकदा तर ‘अविश्वास खटला’ होतं, जणू सरपंचावर ठराव आणला आहे.

यातला ट्रस्ट भावनेचा नाही, आपल्या देवस्थान ट्रस्टमधला आहे. अमेरिकेत १८८२ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या गोतावळ्यातल्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या हवाली केले. कागदावर कंपन्या वेगवेगळ्या, कारभार मात्र त्या नऊ जणांचा. तेल, साखर, दारू, अशा अनेक धंद्यांत असे ट्रस्ट झाले आणि त्यांच्याविरुद्धचा कायदा म्हणून १८९० च्या शर्मन कायद्याला ‘अँटिट्रस्ट’ हे नाव पडलं. स्टँडर्ड ऑइलचे १९११ मध्ये ३४ तुकडे झाले. ट्रस्ट हा प्रकार तेव्हाच मागे पडला, नाव तेवढं उरलं. आपल्याकडे ते नाव आणायचं काही कारणच नाही. १९६९ चा कायदा ‘मक्तेदारी’चा होता, २००२ चा ‘स्पर्धा’ कायदा आहे.

मात्र ‘स्पर्धा आयोग’ म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना लोकसेवा आयोगाची परीक्षा आठवते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पहिल्याच पानावर ‘बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा आयोग’ असा एक खुलासा टाका.

आणि ‘मक्तेदारी’ सरसकट वापरू नका असं सुचवीन. मक्ता सरकार द्यायचं. जकातीचा मक्ता, अबकारीचा मक्ता. लिलाव व्हायचा, मुदत असायची, रक्कम सरकारजमा व्हायची आणि मुदत संपली की मक्ता दुसऱ्याकडे जाऊ शकायचा. ‘शहाणपणाचा मक्ता तुलाच दिलाय का?’ असं आपण विचारतो, त्यातही ‘दिलाय’ आहे. फोनच्या बाजारात हा मक्ता कुणी दिलेला नाही आणि त्याला मुदतही नाही. शिवाय कायद्याच्या कलम ४ मध्ये मोठं असणं हा दोषच नाही. प्रबळ स्थानाचा गैरवापर हा दोष आहे. आयोगाचा आक्षेपही तोच होता: प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्याने गूगलची ॲपची सगळी मोट घ्यायची, तीही ग्राहकाला काढता येणार नाही अशी. हे ‘मक्तेदारी’ शब्दात कुठेच दिसत नाही. ‘प्रबळ स्थानाचा गैरवापर’ लांबलचक आहे, पण चुकीचा नाही.

प्रतिसाद ५

जर्मनीतून लिहिते आहे. इथे युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यात ‘गेटकीपर’ म्हणतात. ६ सप्टेंबर २०२३ ला सहा कंपन्या त्यात धरल्या, अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी) आणि ॲपल दोन्ही त्यात आहेत. ७ मार्च २०२४ पासून नियम पाळणं सक्तीचं झालं. त्यानंतर इथल्या आयफोनवर ब्राउझर कोणता हवा हे विचारायला लागले आणि ॲपलच्या दुकानाखेरीज दुसरी ॲप-दुकानंही आली. माझ्या फोनवर तो पर्यायांचा पडदा आला तेव्हा आपण इतकी वर्षं निवड केलीच नव्हती हे पहिल्यांदा लक्षात आलं.

मराठी लेखांत ‘गेटकीपर’चं ‘द्वारपाल’ केलेलं दिसतं. मला ते पटत नाही. द्वारपाल देवळाच्या दाराशी उभा असतो, आतल्याचं रक्षण करतो, कुणाकडून काही घेत नाही. ही मंडळी दारातून जाणाऱ्या मालावर वाटा घेतात, बहुतेक ठिकाणी १५ ते ३० टक्के. बाहेर हेच स्वस्त मिळतं असं ॲपला आपल्या ग्राहकांना मोकळेपणी सांगू दिलं नाही, म्हणून ॲपलला एप्रिल २०२५ मध्ये ५० कोटी युरोंचा दंड झाला. याला आपला जुना शब्द ‘नाकेदार’. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लहानपणी पाहिलेल्या कुणालाही तो एका वाचनात कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘नाकेदार’ वाचून मी जागेवर उठून बसले. मुंबईतली जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, पण शब्द अजून जिवंत आहे. तरी कायद्याचं नाव सांगताना ‘गेटकीपर’च ठेवीन आणि समजावताना ‘नाकेदारासारखा’ म्हणेन. नाकेदार सरकारचा असायचा, त्यामुळे ‘मक्त्या’ला जी हरकत घेतली गेली तीच इथेही येते.

‘काढणे’ आणि ‘बंद करणे’ यांबद्दल विशेष धन्यवाद. आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ ला रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. रद्द झालेल्यांत आधीपासूनची ॲप काढू देण्याचा निर्देश आहे आणि साइडलोडिंगचाही आहे. त्यामुळे ‘आयोगाने हे हक्क मिळवून दिले’ असं माझ्या मसुद्यात होतं ते वाक्य काढलं. न मिळालेलं मिळालं म्हणून छापायचं नाही. शब्द तरी सरळ ठेवू.

आता मजकूर असा केला आहे:

‘फोनमध्ये ॲप टाकण्याचा प्ले स्टोअर हा एक मार्ग आहे. ॲप बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून किंवा दुसऱ्या ॲप-दुकानातूनही ते थेट टाकता येते. अनोळखी माणसाने पाठवलेली एपीके फाइल मात्र उघडू नका.’

प्रतिसाद १ यांचं पुन्हा

ताई, ‘अनोळखी’ बदला. त्या पत्रिका ओळखीच्याच नंबरवरून येतात. एकाच्या फोनमध्ये असली फाइल शिरली की त्याच्या यादीतल्या सगळ्यांना तिथून फाइल जाते. सख्ख्या मावशीकडून आली म्हणून उघडलेले लोक मी पाहिलेत. ‘तुम्ही न मागितलेली’ असं लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

बदललं. ‘तुम्ही न मागितलेली एपीके फाइल, मग ती कुणीही पाठवलेली असो, उघडू नका.’ दादा, हा शब्द मला सुचला नसता. चौथ्या पानावर ‘प्रीइन्स्टॉल्ड ॲप’ला शब्द शोधते आहे. तिथेही ‘न मागितलेली ॲप’ चालेल का?

प्रतिसाद २

तिथे नको. खरं आहे, पण त्यात आधीच निकाल दिला जातो. फोन करायचं ॲपही कुणी मागितलेलं नसतं. ‘चोरवाट’ ज्या कारणाने खोडलीत त्याच कारणाने हेही खोडा. ‘आधीच टाकलेली ॲप’ लिहा आणि त्यातली कोणती काढता येतात, कोणती नुसती बंद होतात ते खाली सांगा.