अनुभव धागा: सिस्टरने आधी ओळखलं

फोंडेकरीण:
काल शेजारच्या आजींना बघायला बांबोळीच्या हॉस्पिटलात गेले आणि दादाचा डेंग्यू आठवला. चवथ तोंडावर, ताप उतरलेला, आम्ही सगळे खूश, घरी कधी सोडणार एवढंच विचारत होतो. रात्रपाळीच्या सिस्टरने त्याचा हात धरला, गार लागला. पोटात दुखतं का, लघवी कधी झाली, सगळं विचारलं, बीपी घेतलं आणि वरचा-खालचा आकडा जवळ आलाय म्हणून डॉक्टरांना लगेच उठवलं. सलाईन वाढवल्यावर मग आम्हाला सांगितलं की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपू शकतं. आम्ही आपले प्लेटलेट बघत बसलेलो. तुमचे अनुभव लिहा, सिस्टर लोकांनी तर लिहाच.

माणकुली:
बापरे. दादा आता बरा ना गो?

निवृत्त सिस्टर:
बीपीच्या त्या दोन आकड्यांत २० किंवा कमी फरक उरला की थांबायचं नसतं, बरोबर केलं तिने. मी श्वासाबद्दल सांगते. पूर्ण मिनिट मोजायचा आणि पेशंटला न सांगता, नाडी बघतोय असं दाखवून, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा १२ ते २०. पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. चार्टवर ओळीने सगळ्यांना १८ लिहिलेलं दिसलं की फार राग यायचा, मुलींना परत मोजायला पाठवायचे.

साखळीकर:
आईला शुगर आहे, एकादशीला दुपारी असंबद्ध बोलायला लागली, घामाने भिजली, मावशी म्हणाली बाहेरचं काहीतरी आहे आणि गाऱ्हाणं घालायला निघालीच. शेजारची वयनी नर्स, तिने आल्या आल्या विचारलं, गोळी घेतली पण जेवली काय? उपास होता ना!! मशीन लावलं तर शुगर ४८. साखरपाणी दिलं, १५ मिनिटांनी परत बघितलं, मग पेज.

तिसवाडी:
गाऱ्हाणं नंतर घाला हो. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ लावा.

पेडण्याची माया:
सासरे रात्री अचानक मलाच विचारतात कोण तू. ताप नाही काही नाही, सगळे म्हणाले वय झालं. वॉर्डातल्या सिस्टरने एकच विचारलं, काल असे होते काय? नव्हते, काल तर भाजी चिरून दिली मला. तिने डॉक्टरांना सांगून लघवी तपासायला लावली, इन्फेक्शन निघालं. औषध सुरू झालं आणि हळूहळू ओळखायला लागले. म्हाताऱ्यांना ताप न येताही असं होतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

फोंडेकरीण:
माणकुली, दादा ठणठणीत. माया, वाचून काटा आला. काल कसे होते ते घरच्यांनीच सांगायला हवं, सिस्टर रोज बदलते.

माणकुली:
साखळीकर, आमच्या मशीनच्या पट्ट्या पावसाळ्यात चुकीचा आकडा दाखवतात, वयनीला विचारा ना

साखळीकर:
विचारलं. डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, दमट हवेने खराब होतात. फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणते.