उ. आगाऊ भरलेली टिप आणि क्रूझ जहाजावरचा बार

'एजंटनं बुकिंगमध्येच टिप भरून घेतलीय, म्हणजे बारमध्ये वेगळं काही लागत नाही' असं क्रूझला जाणाऱ्या दोघांनी लिहिलंय, ते बरोबर नाही. आगाऊ भरलेली ती रोजची माणशी रक्कम केबिन आवरणाऱ्यांची, जेवणघरातल्या वाढप्यांची आणि आतल्या काही कामगारांची. बारवाले त्यात सहसा नसतात. त्यांच्यासाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर प्रत्येक ड्रिंकच्या बिलात 18 ते 20 टक्के सेवाशुल्क आपोआप जोडलं जातं. 10 डॉलरचं कॉकटेल 18 टक्क्यांनी 11.80 ला पडतं. ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर हेच शुल्क बहुधा पॅकेजच्या किमतीवर लागतं. पॅकेजच्या मर्यादेपेक्षा महाग पेय मागवलं की वरचा फरक वेगळा.

खरी फसगत सहीच्या वेळी होते. पावतीवर सेवाशुल्क छापलेलं असतंच, त्याखाली जादा टिपची रिकामी ओळ असते. आपली मंडळी ती भरायचीच असते असं समजून दुसऱ्यांदा टिप देतात. त्या ओळीवर सरळ रेघ मारा, मग सही करा. एखाद्यानं मनापासून सेवा केली तर 1-2 डॉलर रोख हातात द्या, आणि तेही पहिल्याच दिवशी. शेवटच्या रात्री त्या काउंटरवर दुसराच कुणी असू शकतो. त्यासाठी सुट्या नोटा घरून निघतानाच मनीचेंजरकडून मागून घ्या. नाणी देऊ नका, ती त्यांना बदलून मिळत नाहीत.