येशूशी खरं बोलणं कधी सुरू झालं? (अनुभव धागा, गावाकडच्यांसाठी)

जय ख्रिस्त मंडळी.

आपल्या विदर्भात दर तालुक्याला मंडळी, म्हणजे चर्चचा पंथ, बदलते. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्यात नाझरीन, अकोला-खामगावकडे अलायन्स, बल्लारपूर-चंद्रपुरात कॅथलिक. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तर नागपुरातच जन्मली, 29 नोव्हेंबर 1970 ला, सहा मंडळ्या एकत्र येऊन. प्रत्येकीची शिस्त निराळी. कुठे कुंकू चालत नाही, कुठे सिनेमा चालत नाही, कुठे दशमांशाची (कमाईतल्या दहाव्या हिश्शाची) वही दर महिन्याला उघडते. आणि एवढं सगळं पाळायला लावून पुलपिटवरून सांगतात काय, तर आपला विश्वास म्हणजे नियमावली नाही, प्रभूशी वैयक्तिक नातं आहे!

हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय. मला त्यामागची हकीकत हवी आहे. पाळत होतात ते पाळत असतानाच कधी तरी समोर कोणी आहे असं वाटलं का? की नाहीच वाटलं? तेही लिहा.

दोन विनंत्या. कोणाची मंडळी खरी हा वाद इथे नको. आणि आजार बरा झाल्याच्या साक्षी शुक्रवारच्या सभेसाठी राखून ठेवा, तिथे वेळ भरपूर असतो. गावाचं, माणसाचं नाव टाकू नका.

वावरवाला, दारव्ह्याकडचा

मी बोलतो तसंच लिहितो, शुद्ध-बिद्ध जमत नाही. आमचा बुढा रविवार म्हटलं का बैलाच्या खांद्यावर जू ठेवू देत नव्हता. इळ्याले धार लावाची तरी शनिवारी. गावातले लोक हसत, पण बुढ्याले मानत बी.

एका साली मृग कोरडा गेला. आर्द्रात पाऊस आला. कृषीवाले सांगते का 75 ते 100 मिलिमीटर पडल्याबिगर सोयाबीन पेरू नका, तेवढा पडला. शनिवारी वाफसा आला. पेरणीयंत्राचा ट्रॅक्टर गावात एकच, अन् माहा नंबर लागला रविवारी सकाळी. सोमवारपासून झड सांगितली होती. बुढा ओट्यावर बसला, तोंड भिताडाकडं करून.

मी गेलो वावरात. पेटीत बियाणं ओतता ओतता प्रभूशी बोललो. त्याच्या पहिले मी त्याच्याशी बोलो ते रविवारीच, देवळात (चर्चले आमी देऊळच म्हणतो), पाळकाच्या म्हणजे धर्मगुरूच्या मागं मागं. त्या दिवशी म्हटलं, "बापा, वावर तुह्यं, पाऊस तुहा, आता मी काय करू थे सांग." आकाशातून काही आवाज-बिवाज आला नाही. पण भेव बी वाटलं नाही. बायबलातल्या मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे काम बंद ठेवाच्या पवित्र दिवशी शेतातून जाता जाता कणसं मोडते, नियमाचे कट्टर परुशी आडवे येते, अन् येशू म्हणते का शब्बाथ माणसासाठी झाला. संडे स्कूलात हे पाठ केलतं. वावरात आठवलं तवा वाटलं का हा गडी माह्या बाजूनं बोलून राह्यला.

बुढा दिवसभर बोलला नाही. सांजच्याले जेवताना म्हणे, "किती ब्यागा लागल्या?" थे परवानगी होती का काय, मले आजवर समजलं नाही. रविवार मी आजबी पाळतो, बरं का. पण आता त्यात बुढ्याचा धाक नाही.

चिखलीकडची सून

मी बौद्ध घरातली. लग्न करून ख्रिस्ती घरात आले. आल्या आल्या महिला संघातल्या बायांनी काय करायचं नाही त्याची यादी सांगितली. काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, कारण त्यांना ते लहानपणापासून येत होतं आणि मला येत नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. उपासनेत सगळे उठले की मी उठायची, बसले की बसायची.

प्रार्थना मी सासूबाईंकडून शिकले, आणि त्यांनी शिकवली नाही. आम्ही कापूस वेचायला सोबत जायचो. त्या ओटीत कापूस टाकत पुटपुटत राहायच्या. मला वाटायचं गाणं म्हणतात. एकदा जवळच्या तासात होते तेव्हा नीट ऐकू आलं. "तुले दिसत नाही का, पोराच्या मागं किती लागले थे? काल सांगतलं, परवा सांगतलं. झोपला का तू?" मी घाबरले, म्हटलं कोणाशी भांडता? तर म्हणाल्या, "प्रभूले सांगून राह्यली." आणि पुन्हा वेचायला लागल्या.

देवाला असं झापता येतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या माहेरी देवच नव्हता, आणि इथे देवळात तो फार साहेबासारखा वाटायचा. त्या हंगामात मीही पुटपुटायला लागले. बाप्तिस्मा पुढे बऱ्याच वर्षांनी घेतला. पाळकांनी विचारलं, विश्वास कधी धरला? कापसात, असं सांगायची लाज वाटली. म्हटलं, उपवास प्रार्थनेत.

नागपूर-रिटर्न

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे "नातं, नातं" मोबाइलवरच्या प्रवचनांतून आलेलं आहे. आमच्या आज्यानं असं काही म्हटलं नाही. तो दहा आज्ञा पाळायचा, उधारी बुडवायचा नाही, दारू प्यायचा नाही. गावानं त्याला देवमाणूस म्हटलं. आजकाल नातं सगळ्यांचं आहे आणि उधारी कोणी फेडत नाही.

निवृत्त सिस्टर, अचलपूर भाग

नागपूर-रिटर्न यांचं अर्धं खरं आहे. माझी उरलेल्या अर्ध्याची गोष्ट.

मी मिशनच्या दवाखान्यांत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कुष्ठरोग्यांत. ड्यूटीच्या आधी प्रार्थना, तिला हजेरी. उशीर झाला तर मेट्रनची नजर. मी कधी चुकवली नाही, आणि त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

1983 साली राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम आला, पुढे एमडीटीची (अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराची) पाकिटं गावोगाव पोचली, रोग बरा व्हायला लागला. पण ज्यांच्या नसा आधीच गेल्या होत्या त्यांचे हातपाय बधिर ते बधिरच. चटका बसला तरी कळत नाही, काटा घुसला तरी कळत नाही. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, कडक कातडी घासायची, तेल लावायचं, तळवा निरखून पाहायचा, एमसीआरच्या (खास मऊ रबराच्या) चपला घालायच्या. हे नियम आम्ही रोग्यांना ओरडून ओरडून शिकवायचो. यांतला एक जरी सोडला तरी जखम चिघळते. त्यामुळे "नियम म्हणजे बंधन" असं कोणी म्हटलं की मला पटकन मान हलवता येत नाही.

वॉर्डात एक म्हातारे बाबा होते. बोटं झडलेली. त्यांनी मला मार्कचा पहिला अध्याय वाचायला लावला, कुष्ठरोगी येशूकडे येतो तो भाग. मी वाचला. ते म्हणाले, "सिस्टर, त्यानं बरं पहिले केलं का हात पहिले लावला?" मी परत पाहिलं. हात आधी लावला. जुन्या करारातल्या लेवीय 13 प्रमाणे त्या माणसाने वस्तीबाहेर राहायचं आणि "अशुद्ध, अशुद्ध" ओरडायचं. म्हणजे शिवायचं नाही हा नियम. येशूने तो रोग असतानाच ओलांडला. बाबा म्हणाले, "माही बायको मले कापडानं भाकर सरकवे. मले बरं नसतं केलं तरी चाललं असतं."

याच्यापुढे मी काय बोलणार! हजेरीपटावरची सही आणि हे, दोन्ही एकाच धर्मात कसं बसतं हा विचार त्या रात्रपाळीत डोक्यातून जाईना. त्याच रात्री कधी नव्हे ते मी स्वतःहून, कोणी वेळ लावून दिलेली नसताना, प्रार्थना केली.

आणखी एक. त्या उताऱ्यात शेवटी येशू त्या माणसाला काय सांगतो पाहा: जा, स्वतःला याजकाला (यहुदी पुरोहिताला) दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. नियम त्यानेही फेकून दिला नाही. गावात परत घ्यायला त्या माणसाला याजकाचा दाखला लागणार होता. हे प्रवचनात सहसा गाळतात.

बल्लारपूरकडचा

आम्ही कॅथलिक. बाहेरच्यांना वाटतं आमचं सगळं नियमाचंच. खरं तर सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे.

आई गेल्यावर माझ्या आत काहीच उरलं नव्हतं. नातं वगैरे तर सोडाच, बोलायला शब्द नव्हते. मित्र प्रोटेस्टंट, चांगला माणूस, म्हणाला, मनातलं मोकळेपणाने बोल प्रभूशी. मनात असेल तर बोलेन ना! घरात रोज संध्याकाळी रोझरी (माळेवरची प्रार्थना) व्हायची, ती चालू राहिली. पाच वेळा दहा-दहा "प्रणाम मरिया". ओठ हलायचे, एवढंच. पण आईच्या हातातली माळ होती, आणि ते शब्द तिनेही म्हटलेले होते. काही महिने मी फक्त त्याच्यावर तग धरला. नंतर बोलणं परत आलं. कधी आलं, तारीख सांगता येणार नाही.

सवय निराळी आणि नातं निराळं असं कापून दाखवता येतं का, मला शंका आहे.

चांदूर बाजारचा वाचक (बाप्तिस्मा नाही, येशू आहे)

देवाशी नातं ही काही मिशनऱ्यांनी आणलेली चीज नाही. आमच्या तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज घ्या. अंध, जन्म 1881, गेले 1915 ला. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणायचे, कृष्णाची पत्नी मानायचे, मंगळसूत्र घालायचे. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. या मातीत वाढलेल्या माणसाला येशू सखा वाटला तर त्यात नवल नाही. कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचे. 1917 ला त्यांनी मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मी त्या दरबारात असतो तर बरं झालं असतं. सध्या देवळात मागच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस देतात त्या विधीच्या) वेळी बाहेर येऊन चप्पल शोधतो.

फिरता पाळक, पुसद-उमरखेडकडे

माझ्याकडे बरीच गावं. मोटारसायकलवर फिरतो. नाव देत नाही, तरी ओळखाल.

एका गावात घरसभेत बायबलातला लूक 15 घेतला, उधळ्या मुलाची गोष्ट: धाकटा सगळं उडवून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो. धाकटा मुलगा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून मी मोठ्यावर बोललो. तो बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, आणि मला साधं करडूही दिलं नाही. मी म्हटलं, बघा, घरचा लेक असून हा सालगड्यासारखा बोलतो. नियम पाळले, बाप ओळखला नाही. मला वाटलं, झकास जमलं.

मागे एक खराखुरा सालगडी बसला होता. पाडव्याला पाटलाकडे साल ठरवून आलेला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, सालगडी असं बोलत नसते. सालगडी असता तर त्यानं बकरू पहिलेच ठरावात मागितलं असतं. इतकी ज्वारी, इतके पैसे, धोतर, जोडा अन् एक बकरू. न मागता वर्षभर तोंड फुगवून राहते थो घरचाच पोरगा."

सभा हसली. मला पुढचे मुद्दे होते, ते तसेच राहिले. तेव्हापासून मी तो उतारा सांगताना मोठ्या मुलाला परका करत नाही. तो घरचाच आहे, म्हणून तर रुसलाय. आणि बाप त्याच्यासाठीही जेवण सोडून बाहेर येतो, समजूत घालतो. आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. मंडळीत नियमाने येणारी, दशमांश चोख देणारी आणि कायम नाराज असणारी जी माणसं आहेत, त्यांच्याशी माझं वागणं त्या सालगड्यामुळे बदललं.

नाव नको

माझ्या मालकानं कर्जापायी जीव दिला. त्यांच्या मातीनंतर मंडळीत कुजबुज झाली, तारण झालं का नाही, म्हणजे देवानं त्यांना वाचवलं का नाही. तोंडावर कोणी बोललं नाही, कानावर सगळं आलं. मी देवळात जाणं सोडलं.

मग निंदणाच्या दिवसांत महिला संघातल्या चौघी-पाच जणी खुरपी घेऊन वावरात आल्या. मी बोलावलं नव्हतं. कुजबुजणारी एक त्यांच्यातच होती. तिनं एक शब्द काढला नाही, माझ्या बाजूची ओळ धरली आणि निंदत गेली. तारणाचं मी प्रभूलाच विचारते, अजून विचारते. वैयक्तिक नातं म्हणता ते माझं असं आहे.

नागपूर-रिटर्न

वरचं वाचून गप्प बसलो होतो. आता एक खरंच विचारतो. आपल्यापैकी बहुतेकांना आधी नियम मिळाले, नातं मागून आलं. मग लेकरांना काय द्यायचं? माझा मुलगा तिसरीत आहे. संडे स्कूलला ओढून न्यावा लागतो.

निवृत्त सिस्टर, अचलपूर भाग

ओढून न्या. पण घरी तुम्ही स्वतः प्रार्थना करताना त्याला दिसता का? सध्या एवढंच विचारते.

वावरवाला, दारव्ह्याकडचा

अन् त्याले पेरणीच्या रविवारी वावरात बी आणा.

चिखलीकडची सून

आमची मुलगी आठ वर्षांची. तिने प्रभूला सांगून ठेवलं होतं की आमची काळी शेळी बाजारात न्यायची नाही. सोमवारी नेली, फीचे पैसे भरायचे होते. तेव्हापासून ती प्रार्थनेला बसत नाही. म्हणते, त्यानं ऐकलं नाही, मी कायले बोलू? सासूबाई खूश आहेत, म्हणतात, माह्यावर गेली. मला मात्र काय सांगावं सुचत नाही. पाळकसाहेब, तुमची फेरी इकडे कधी लागली तर त्या सालगड्यालाही मोटारसायकलवर घेऊन या.