मालक वारल्यावर गाडी बायकोच्या नावावर: फॉर्म ३१

ताई, दलालानं मागच्या तारखेचा फॉर्म २९-३० भरायला सांगितला म्हणता, तर तो भरूच नका. ते फॉर्म विक्रीचे आहेत आणि मयताची सही करणं म्हणजे सरळ बनावट कागद. वारसासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूपासून ३० दिवसांत आरटीओला लेखी कळवा अन् ३ महिन्यांत अर्ज टाका. नोंदणीत नॉमिनी असेल तर काम सोपं.

सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि वारसांचं ना-हरकत शपथपत्र. इथंच गाडं अडते: हिंदू वारसा कायद्यात मयताची आईही पहिल्या वर्गाची वारस आहे, म्हणून सासूबाईंची सही लागते. दाखल्यावर 'रामराव' अन् आरसीवर 'रामभाऊ' असं असेल तर ग्रामसेवकाकडून आधी दुरुस्ती करून घ्या.

कर्ज बाकी असेल तर बँकेची एनओसी हवीच. फिटलं असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५ च्या दोन प्रती. यजमानांचं सिमकार्ड एवढ्यात बंद करू नका, या अर्जाचा ओटीपी त्यावरच येऊ शकतो.

गाडी चालवतानाच अपघाती मृत्यू झाला असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर आहे का पाहा. त्यांचं लायसन्स चालू होतं का, हे कंपनी आधी विचारेल.