६८ लिंगांची वाट, ओला गारठा आणि अनवाणी पाय

बाळीवेसकर: यंदा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, नंदीध्वजांमागं (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांमागं) ६८ लिंगांच्या वाटेनं अनवाणी चालायचं ठरवलंय. सकाळचा गारठा, त्यात अवकाळी पावसानं रस्ते ओले. आईला शुगर आहे, तीही येते म्हणते. काय करू?

दमाणीनगर: मी दरवर्षी जातो. आत्तापासून रोज थोडं मातीत चाला, नाहीतर ऐनवेळी तळवे सोलतात. पाय बधिर झाले की काच घुसलेली कळत नाही. थांबून तळवा हातानं चाचपा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बधिर पाय शेकोटीला मात्र अजिबात धरू नका, भाजतं आणि कळत नाही.

जुळे सोलापूर: आईंना चपला घालूनच न्या! शुगरमध्ये पायाची जखम लवकर भरत नाही. सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत.

बाळीवेसकर: आजच सांगतो तिला.